नळापासून सातवी ओळ

आमच्या घरात दोन माणसांचा वाढदिवस एक जूनला येतो, आणि दोघांचाही खोटा आहे. एक माझे अब्बा आणि दुसरे त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठे अब्बा. झालं असं, की रत्नागिरीकडच्या आमच्या गावात शाळा सुरू झाली तेव्हा थोरला एकटा शाळेत जायलाच तयार नव्हता. दाराची चौकट धरून भोकाड पसरायचा. शेवटी वैतागून आजोबांनी धाकट्यालाही सोबत म्हणून त्याच्याबरोबर धाडलं. धाकटा दोन वर्षांनी लहान, शाळेत बसायचं त्याचं वयच नव्हतं. पण गुरुजींनी फार चौकशी केली नाही. एक जून ही तर अर्ध्या गावाची जन्मतारीख होतीच, त्यांनी सालही दोघांना एकच लिहून टाकलं. दोन वर्षांच्या अंतराचे सख्खे भाऊ कागदावर जुळे झाले.

हा किस्सा दर ईदला निघायचाच. मोठे अब्बा गावाहून फोन करायचे तो थेट, "माझ्या जुळ्याला दे," अशी सुरुवात करून. आम्ही पोट धरून हसायचो. कुवेतमध्ये जन्मलेल्या माझ्यासारखीला तर ते भारीच गमतीचं वाटायचं, कारण माझ्या जन्माच्या दाखल्यावर दिवसच काय, मिनिटंसुद्धा लिहिलेली आहेत.

मग इथं नियम आला, की साठीपुढच्या आणि पदवी नसलेल्या माणसांचं वर्क परमिट पुढे वाढायचं नाही. परमिट नाही तर इकामा नाही, आणि इकामा म्हणजे या देशात राहायचा परवाना. अब्बा तेव्हा खरे अठ्ठावन्न वर्षांचे होते. पासपोर्टवर साठ. त्या दिवसापासून आमच्या घरात गुरुजींचा विषय निघाला की मी जे तोंड सोडायची, ते इथं लिहिण्यासारखं नाही. अब्बा मात्र म्हणायचे, जाऊ दे, तो बिचारा कधीच मेला.

अब्बा एका कचेरीत फराश होते. फराश म्हणजे चहा-कॉफी देणारा, टेबलं पुसणारा, फायली या खोलीतून त्या खोलीत नेणारा माणूस. तीस वर्षं त्यांनी एकाच मजल्यावर हे काम केलं. त्यांची अरबी चहाच्या ट्रेपुरती आहे असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. साखर किती, कप मोठा की लहान, साहेब आत आहेत का, एवढीच. बाकी सगळ्यासाठी मी. दहा वर्षांची असल्यापासून बँकेत, पोलिसांच्या चौकीत, घरमालकाशी बोलताना, सगळीकडे अब्बा मला पुढे करायचे आणि मागे हाताची घडी घालून उभे राहायचे. "माझी लेक सांगते बघा," असं इतक्या ऐटीत म्हणायचे, की जशी काही मी वकीलच. पुढे मी खरंच एका वकीलबाईंच्या ऑफिसात भाषांतर करायला लागले, त्याची मुळं तिथंच असणार.

या सगळ्या वर्षांत भाषांतर करताना मी फक्त एकदा खोटं बोलले होते. अम्मीच्या शेवटच्या आजारात. डॉक्टर आमच्या दोघांच्या समोर अरबीत मला म्हणाले, की आता करण्यासारखं काही उरलेलं नाही, घरच्यांना कळवा. अब्बांनी विचारलं, काय म्हणतात? मी म्हटलं, औषध बदलून बघणार आहेत. पाचव्या दिवशी अम्मी गेली. तेव्हा मला कुणी काही विचारलं नाही आणि मीही कुणाला काही सांगितलं नाही.

अम्मीला इथंच, सुलैबिखातच्या कब्रस्तानात दफन केलं. तेव्हापासून दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की अब्बा आमच्या घराजवळून, रिग्गईहून, बस पकडून तिकडे जायचे. हातात पाण्याची बाटली आणि खिशात रुमाल. उन्हाळ्यात पाराही जिथं घाम पुसत बसेल अशा उन्हात जायचे आणि दोन तासांनी लालबुंद होऊन यायचे. मी कधीच गेले नाही. आमच्या कोकणात बायका कब्रस्तानात जात नाहीत. इथं कुणी अडवतं असं नाही, पण आमच्यात रीत नाही म्हणून मी गेले नाही, आणि खरं सांगायचं तर रीत आहे ते बरंच, असंही मला वाटायचं. माझ्यात धीर नव्हता.

इकामा गेला तर अब्बांचं काय जाणार होतं, तर हा शुक्रवार जाणार होता. बाकी ते कुठंही राहिले असते. गावाला घर होतं, मोठे अब्बा होते, समुद्र होता. पण अम्मी इथं होती. ते हे तोंडानं कधी बोलले नाहीत. नोकरीची काळजी वाटते, एवढंच म्हणायचे. मला माझ्या इकाम्यावर त्यांना ठेवून घेता येईना. ती खटपट मी आधीच करून बघितली होती, दोन खिडक्यांवर भांडूनसुद्धा झालं होतं.

आमच्या वकीलबाई कुवेती, वयानं अम्मीएवढ्या, आणि तशाच फटकळ. त्यांनी अब्बांसारख्या काही जणांची मिळून केस कोर्टात घातली. मी त्यांना एक जूनची सगळी कथा सांगितली तेव्हा त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, आणि मग म्हणाल्या की ही गोष्ट घरी सांगायला छान आहे, कोर्ट मात्र पासपोर्टच बघणार. त्याच सुमारास एका खासदारानं न्यायमंत्र्यांना प्रश्न विचारले. इकाम्याच्या किती केसेस कोर्टात पडून आहेत, अशा केसेसवर निकाल द्यायचा अधिकार कोर्टाला आहे की नाही, आणि निकाल लागेपर्यंत त्या माणसाला देशात राहू देणार की नाही. ऑफिसातल्या बाकीच्या पक्षकारांसाठी त्या प्रश्नांचं इंग्रजी मीच केलं. वकीलबाई म्हणाल्या, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐक, आपलं सगळं त्यावर आहे.

तेव्हा मजलिस, म्हणजे इथली संसद, भरत होती. मंगळवारची बैठक टीव्हीवर दाखवायचे. मी रजा टाकली. अब्बांनीही टाकली, पण कारण म्हणून म्हणाले, गुडघा दुखतोय. सकाळपासून दोघंही एकमेकांना दाखवत होतो की आपल्याला काही पडलेलं नाही. अब्बांनी पापलेटाला मसाला लावून ठेवला. मी उगाचच कपाट आवरत बसले. मग मंत्री उत्तर द्यायला उठले, तेव्हा दोघंही धावत येऊन सोफ्यावर बसलो.

मंत्री दिसायला अगदी सज्जन होते. नाकावर चष्मा, आवाज हळू, कागद एकेक करून उलटणारे. मला ते खेकसणारे असते तर बरं वाटलं असतं, राग तरी करता आला असता. पहिल्या प्रश्नाला आकडे दिले. दुसऱ्याला ते म्हणाले, की परक्या माणसाला देशात राहू द्यायचं की नाही हा राज्याच्या सार्वभौम अधिकारातला प्रश्न आहे, कोर्टाला त्यात पडता येत नाही, आणि म्हणून अशा केसेस ऐकण्याचा अधिकार कोर्टाला नाही. तिसऱ्या प्रश्नाला मग उत्तराची गरजच नव्हती. खासदार पुन्हा उठला. ज्यांनी इथं उमर घालवली त्यांचं काय, असं विचारायला लागला. अध्यक्षांनी वेळ संपली म्हणून त्याला खाली बसवलं आणि पुढचा विषय घेतला. तो विषय रस्त्यांचा होता.

अब्बा माझ्याकडे बघत होते. हाताला मसाला लागलेला, म्हणून दोन्ही हात वर धरलेले.

"काय म्हणाला गो?"

मला सगळं शब्दन्‌शब्द पाठ झालं होतं. चार वाक्यं होती. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "प्रत्येकाची फाइल वेगळी बघणार, म्हणतात."

"वेगळी बघणार? मग बरंच झालं की." असं म्हणून ते उठले आणि तवा तापत ठेवायला आत गेले.

त्या दिवशी मी जेवले कशी, मलाच माहीत. अब्बांनी माझ्या ताटात मधला तुकडा वाढला, काटा काढून. आणि पुढचे दोन-तीन दिवस त्यांचा मूड असा छान होता की मला त्यांच्याकडे बघवत नसे. गाणी काय गुणगुणत होते, गॅलरीतली कढीपत्त्याची कुंडी काय बदलली. मी रोज सकाळी ठरवायची की आज सांगायचं, आणि रोज संध्याकाळी उद्यावर ढकलायची. बुधवारी तर मी "अब्बा, ते मंत्री," एवढं म्हटलंही. तर म्हणाले, आधी ती कात्री दे, कुंडीची दोरी कापायची आहे. मी कात्री दिली. वकीलबाईंना सांगितलं तेव्हा त्या रागावल्या. म्हणाल्या, भाषांतर करणारीनं मधे आपलं काही घालायचं नसतं. बरोबरच होतं त्यांचं.

शुक्रवारी नमाजहून आल्यावर अब्बांनी नेहमीसारखी बाटली भरली, आणि दारात चपला घालता घालता म्हणाले, "चल, आज तू पण ये."

मी म्हटलं, आपल्यात बायका जात नाहीत. तर म्हणाले, फाटकावरच्या माणसाला विचारून ठेवलंय, तो हो म्हणालाय, ओढणी नीट घे आणि चल. एवढ्या ठामपणे ते माझ्याशी फार वर्षांनी बोलले. मी निमूट निघाले.  बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते आणि मी त्यांच्या रुमालाकडे.

कब्रस्तान म्हणजे नुसती वाळू. झाड नाही, फूल नाही, कट्टा नाही. वाळूचे बुटके ढिगारे आणि डोक्याशी एकेक लहानसा दगड, सगळे एकसारखे, नजर पोचेल तिथपर्यंत.  यात अम्मीला शोधायचं कसं? अब्बा मात्र गावच्या वाटेनं चालावं तसे चालत होते. एका नळापाशी थांबले. म्हणाले, इथून मोजायचं. नळापासून सातवी ओळ. मग डाव्या हाताला वळायचं आणि बारा सोडून तेरावी. दगडावरची अक्षरं वाऱ्यानं पुसट होतात, त्यावर विसंबायचं नाही. मी मान हलवत होते आणि हे मला का सांगतायत, हा विचार मनात येत होता तो मागे सारत होते.

तेराव्या दगडापाशी चार पांढरे शिंपले होते. फिंतासच्या किनाऱ्यावरचे. अम्मीला तो किनारा आवडायचा, जरी दर वेळी ती नाक मुरडून म्हणायची की हा कसला समुद्र, याला आवाजच नाही. अब्बांनी बसून शिंपल्यांवरची वाळू रुमालानं पुसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मंत्री काय बोलला ते मला कळलं होतं गो, बाय."



"तीस वर्षं साहेब लोकांच्या खोलीत उभा राहिलोय. ट्रे घेऊन आत जाताना कान काय बाहेर ठेवून जातो?"

मग मला विचारलंत कशाला, असं मी म्हटलं. जरा चिडूनच म्हटलं, कारण रडू येत होतं. ते म्हणाले, तू सांगतेस ते ऐकायला मला आवडतं, लहानपणापासून.  मग म्हणाले, "हॉस्पिटलातही कळलं होतं. तू म्हणालीस, औषध बदलणार आहेत. मी आत जाऊन हिला तेच सांगितलं. माझी लेक डॉक्टरशी बोलली, औषध बदलतायत. हिचा तुझ्यावर भरवसा. ते चार दिवस ती कशी निवांत होती, आठवतं तुला?"

मला आठवत होतं. तिनं त्या दिवसांत वेणी घालून घेतली होती, आणि घरी गेल्यावर कुठले पडदे लावायचे ते ठरवलं होतं. तीन वर्षं मी मनात धरून बसले होते की मी दोघांना फसवलं. मी तिथंच वाळूत बसले आणि मोठ्यानं रडले. रीत-बीत सगळी विसरून. अब्बांनी मला रडू दिलं. पाण्याची बाटली पुढे केली तीसुद्धा खूप वेळानं.

मग म्हणाले, "माझी गावाला जायची तयारी झाली. जुळा वाट बघतोय. फक्त हिला एकटीला टाकून जायचं, ते काही जमेना. तू येत जाशील ना?"

मी हो म्हटलं. पण नुसत्या हो वर ते ऐकणारे नव्हते. म्हणाले, मी फाटकापाशी जाऊन उभा राहतो, तू पण तिथपर्यंत चल, आणि मग तुझी तू एकटी येऊन दाखव. अगदी शाळेतल्या परीक्षेसारखं. आम्ही फाटकापर्यंत परत गेलो. गुडघा खरंच दुखत होता त्यांचा, हे मला तेव्हा कळलं. तिथून मी एकटी निघाले. नळ सापडला. सहा ओळी झाल्या आणि माझा गोंधळ उडाला, ही सहावी की सातवी. विचारायला म्हणून मागे वळले. कब्रस्तानात मोठ्यानं हाक मारवेना. अब्बा फाटकात उन्हात उभे होते, हात छातीशी धरून. माझ्याबरोबर तेही बोटांवर ओळी मोजत होते. त्यांनी एक बोट आणखी वर केलं.

मी एक ओळ पुढे गेले आणि डावीकडे वळले.