दुधीचा ईईजी

वालीवच्या कारखान्यात दोनदा चक्कर येऊन पडलो, तेव्हा मला ईईजी काढायला, म्हणजे मेंदूचा आलेख काढायला, वसईतल्या एका दवाखान्यात पाठवलं. तो काढणारा माणूस पन्नाशीचा, बागायतदार घरातला, बोटांना कायम तारा चिकटवायची पांढरी पेस्ट लागलेली. नाव विचारायचं राहूनच गेलं. त्याने तारा आधी स्वतःच्या वाडीतल्या दुधी भोपळ्याला चिकटवल्या.

"आधी रिकाम्या डोक्याची रेघ बघायची, मग मानसाची," तो म्हणाला.

कागदावर दुधीच्या रेघा झोकात हलू लागल्या. त्याने पंखा बंद केला, तशा त्या सरळ झाल्या.

"विचार पंखा करत होता," असं म्हणत त्याने त्याच तारा माझ्या डोक्याला लावल्या.

तासाभराने तिथल्या डॉक्टरांनी कागद पाहिला. "उत्तम! काही काळजी नको." मला रडूच फुटलं.

दारात त्या माणसाने दुधी माझ्या पिशवीत घातला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, डॉक्टरांनी पाहिला तो ह्याचा कागद. पंखा चालू होता तेव्हाचा. आत जाऊन सांगू का?"

मी पिशवी छातीशी धरली. "राहू द्या."

त्याला वीस वर्षं झाली. पुन्हा चक्कर आली नाही. दुधी मात्र मी आठवड्यातून दोनदा खातो, पंखा लावून.