बत्तीस पानांचा गडी

मी मंगरूळपीरच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. म्हणजे वर्षभर मुलांकडून कमळ, पणती आणि 'माझी शाळा' काढून घेतो, आणि निवडणूक आली की मतदार यादी घेऊन दारोदार फिरतो. अशा माणसाने कॉमिक काढायला घेतलं तेव्हा बायको म्हणाली, "आता ह्या वयात हे कुठून सुचलं तुमाले?" मी तिच्यावर चिडलो. मग दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्यात घातल्या आणि घरातलं एकही लग्न धड जेवलो नाही.

सुपरहिरोच्या गोष्टीत हिरोच्या मागेमागे एकजण असतो. खलनायक आधी त्यालाच बांधून ठेवतो, आणि हारतुरे मात्र हिरोच्या गळ्यात पडतात. माझी गोष्ट त्याची होती, पण त्याने हिरोला सोडल्यानंतरची. मुखवटा नाही, हुकूम सोडणारा नाही, तर आता आपण कोण, हे शोधत तो गावोगाव हिंडतो. बत्तीस पानं. नाव ठेवलं 'गडी'.

हे सगळं कुणावर बेतलंय ते मला पहिल्या रेघेपासून माहीत होतं. मेडशीजवळच्या आमच्या गावी वडिलांकडे शेतीकामाला एक सालदार होते. पाडव्याला साल ठरायचं, ते पुढच्या पाडव्यापर्यंत. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा. कारंज्याला मामाकडे गेलो की मी स्टँडवरून हिंदी कॉमिक आणायचो, आणि मग आठवडाभर आम्ही दोघं जग वाचवायचो. हिरो मीच. कारण काय, तर टॉवेल माझ्या घरचा होता. तो गळ्याला बांधून मी कडब्याच्या गंजीवर उभा राहायचो. गंजीत साप आहे का, हे बघायला आधी तो उडी मारायचा, आणि मग मी जग वाचवायला. 'धाड', 'धडाम' हे आवाजही त्यानेच तोंडाने काढायचे. मला दम लागायचा ना!

कबड्डीत गडी वाटून घेताना मी पहिल्यांदा त्यालाच मागायचो. "हा माहा गडी!" असं ओरडताना मला केवढा अभिमान वाटायचा. पुस्तकाचं नाव तिथूनच आलं. गडी म्हणजे खेळातला सोबती, गडी म्हणजे रांगडा माणूस. दुसरा काही अर्थ माझ्या डोक्याला शिवलासुद्धा नाही. वास्तविक तो दुसरा अर्थ आमच्याच घरात रोज दहा वेळा कानावर पडायचा. "गड्याले भाकर द्या," "गड्याले वावरात धाडा." पण तो ज्याच्या बापाला उद्देशून असतो, त्यालाच ऐकू येतो.

आम्ही एकमेकांना अरेतुरे करायचो. मी शिकायला अमरावतीला गेलो आणि तो कामाला पुण्याला. त्याच्या लग्नात भेटलो तेव्हा तो म्हणाला, "या भाऊ, तुमी बसा इकडं." मला तेव्हाच म्हणायला हवं होतं की अरे, तुमी कायले म्हनतं? नाही म्हणालो. खरं सांगायचं तर जरा बरंच वाटलं होतं. पुढे ते खुपायला लागलं, तोवर त्याच्या जिभेला 'तुमी'ची सवय झाली होती. कॉमिक काढलं ते कशासाठी, असं कुणी विचारलं तर मी कलेबद्दल दोन वाक्यं बोलेन, पण खरं कारण एवढंच होतं. ते वाचून त्याने मला एकदा 'तू' म्हणावं. छापखानेवाल्यालाही मी थांबवून ठेवलं होतं. आधी तो वाचेल, मग छापायचं.

गेल्या महिन्यात शेलूबाजारला गाडी बदलून आमच्या जिल्ह्यातल्या मालेगावला गेलो. पुण्याहून परतल्यावर त्याने टाकलेलं वेल्डिंगचं दुकान तिथे रस्त्यालगत आहे. गेट, शटर, टिनाचे शेड. बोर्डावर त्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, पिवळ्या अक्षरांत. ते वाचताना मनात आलं की स्वतः कोण आहे ते याने केव्हाच लिहून टाकलंय. आपण बत्तीस पानं कशाला खपलो? पण पिशवीतून झेरॉक्सची प्रत काढलीच.

त्याने हात पुसले, स्टूल दिलं, चहा सांगितला. मग उभ्याउभ्याच वाचायला लागला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसलो. गंजीच्या पानावर तो हसला आणि मला वाटलं, जमलं. शेवटच्या पानावर माझा माणूस हिरोसमोर छाती काढून उभा राहतो आणि म्हणतो, 'मी गडी. हेच माझं नाव.' ते वाक्य सुचलं त्या दिवशी मला झोप लागली नव्हती. त्याने ते पान जरा जास्त वेळ धरलं.

"बत्तीस पानं हिंडला," तो म्हणाला, "अन् शेवटी गडीच निंघाला?"

मी घाईघाईने समजावू लागलो. गडी म्हणजे तसा नाही, कबड्डीतला, सोबती, मर्द माणूस. तो मान हलवत ऐकत होता. मी जितका बोलत होतो तितका खाली जात होतो आणि थांबता येत नव्हतं.

"तुमच्यासाठी असंन तसा," तो म्हणाला. "माह्या बाईनं बाबाची भाकर बांधताना हाच शब्द आयकला, भाऊ." त्याची बाई म्हणजे त्याची आई.

"मंग दुसरं नाव ठेवू. तूच सांग, काय ठेवू?"

यावर तो मोठ्याने हसला. "पाहा! अजूनबी कामाले मलेच लावून राह्यले तुमी."

त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाची माफी तरी मागता येते. तो मात्र चहा माझ्यापुढे सरकवत होता, बिस्किटाचा पुडा फोडत होता, पाहुण्याचं करावं तसं सगळं करत होता. काय करावं ते मला कळेना. उठून निघून जावं तर तेही वाईट दिसणार.

तेवढ्यात त्याची मुलगी शाळेतून आली. नववीत आहे. तिने दप्तर टेकवलं आणि पानं हातात घेतली. मी बोलून गेलो, "तुझ्या पप्पाचीच गोष्ट आहे ती."

तिचे डोळे चमकले. "खरंच? यातले पप्पा कोनते, काका?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो वाकून गेटची सळई मापत होता, वर बघत नव्हता. पोरगी पान माझ्यापुढे धरून उभी. त्या पानावर दोघेही होते. माझा हात पुढे गेला, अडखळला, आणि मी टॉवेलवाल्यावर, हिरोवर बोट ठेवलं.

"हे."

"पप्पा, तुमी हिरो हाय यात!" ती ओरडली आणि पानं घेऊन आईला दाखवायला मागच्या घरात पळाली.

तो सरळ झाला. टेप गुंडाळून खिशात टाकला. माझ्यासमोर येऊन अगदी हळू आवाजात म्हणाला, "तिच्यासंग खोटं काहून बोलला बे तू?"

इतक्या वर्षांनी तो मला 'तू' म्हणाला.