गच्चीवरचा कान

विमानतळाच्या आजूबाजूच्या वस्तीत त्याला सगळे कानवाला म्हणत. तोंडावर कानवाले, पाठीमागे कानवाला. विमानांचा आवाज लोकांच्या डोक्यावर किती आदळतो हे मोजायला सरकारी खात्याने जागोजागी मायक्रोफोन लावले होते. कुठे गच्चीवर, कुठे शाळेच्या आवारात, कुठे पाण्याच्या टाकीशेजारी. उंच खांब, टोकाला काळ्या स्पंजचा गोळा, त्यावर पक्षी बसू नयेत म्हणून तारेचे काटे आणि खाली कुलूपबंद पेटी. हे सगळं धड ठेवणं कानवाल्याचं काम. उन्हाने कडक झालेला स्पंज बदलायचा, पेटीत ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची पुडी टाकायची, कोळ्यांची जाळी काढायची. शेवटी मायक्रोफोनवर एक बुटकी नळी बसवून तिच्यातून ठरावीक पट्टीचा आवाज सोडायचा. यंत्राने तो बरोबर मोजला की पुढची गच्ची.

माणूस जात्याच संशयी. घराला कुलूप लावल्यावर ओढून बघायचा, जिना उतरायचा आणि परत वर येऊन पुन्हा ओढायचा. बायको म्हणायची, "लग्न ठरलं तेव्हा वाटलं, माणूस काळजी घेणारा आहे. नंतर कळलं, हा चहात साखर घातली का तेही डबा उघडून बघतो." पण या कामाला असाच माणूस लागतो. उघड्यावरचं यंत्र ऊन, वारा, कबुतरं आणि शेजारीपाजारी अशा सगळ्यांच्या तावडीत असतं. विश्वास ठेवला की फसलंच.

लोकही त्याच्याकडे संशयाने बघत. प्रत्येक गच्चीवर कुणीतरी आवाज खाली आणून विचारायचंच, "हे आमचं बोलणं ऐकतं का हो?"

त्याचं उत्तर तोंडपाठ होतं. "बोलणं नाही. आवाज किती मोठा, एवढंच मोजतं."

ते खरंच होतं, जवळजवळ. यंत्रात थेट ऐकायची सोय होती. एखाद्या मोठ्या आवाजाचा उलगडा होईना, विमान की शेजारचं ड्रिल, तर ऑफिसातून ऐकून खात्री करता यायची. पण त्याला ऑफिसातल्या मोठ्या मॅडमची परवानगी लागे. ती सोय पेटीतून किंवा ऑफिसातल्या पडद्यावरून चालू करता येई, पण एरवी बंदच असे. त्यामुळे लोकांना हे सांगत बसायची त्याला कधी गरज वाटली नाही.

मग एका गच्चीचे आकडे बिघडले. सकाळी ठीक, संध्याकाळी ठीक, दुपारी मात्र तिथलं विमान उशी तोंडावर धरून ओरडल्यासारखं यायचं. तेच विमान पुढच्या टाकीवर पुरता आवाज करून जायचं. कानवाल्याने स्पंज बदलला, केबल बदलली, मायक्रोफोनचा पातळ पडदा मऊ ब्रशने साफ केला. नळी लावून तपासलं तर यंत्र ठणठणीत. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच.

"यंत्राला दुपारची झोप लागते का काय?" ऑफिसातला गोडबोल्या म्हणाला.

गोडबोल्या म्हणजे सगळ्या ठिकाणचे आकडे संगणकाच्या पडद्यावर बघत बसणारा तरुण. कामाला चोख, बोलायला मधाळ. मॅडमचा त्याच्यावर भारी जीव. दिवसभर कानाला हेडफोन असायचे. गाणी ऐकतो म्हणे.

कानवाल्याचा पहिला संशय गेला त्या गच्चीशेजारच्या बिल्डरवर. तिथे नवी इमारत उभी राहत होती आणि आवाज कमी दिसला तर परवानगी सोपी होणार होती. इथे नक्की पाणी मुरतंय, असं त्याला वाटलं. घरी जेवताना तो हेच बोलला तर बायको म्हणाली, "बिल्डर जिना चढून येईल होय? गच्चीची किल्ली कुणाकडे असते?"

किल्ली तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींकडे असायची. विधवा बाई, एकट्या राहायच्या, पूर्वी टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होत्या. कानवाला आला की चहा विचारायच्या. पण अलीकडे दार अर्धवटच उघडत होत्या, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

तो न कळवता भर दुपारी गेला. गच्चीचं दार नुसतं लोटलेलं होतं. वाळत घातलेल्या चादरींच्या पलीकडे खांब दिसत होता आणि खांबाच्या टोकाला एक पुरुषी लोकरी कोट. काठीने वर चढवलेला, बाह्या दोरीने आवळलेल्या. लांबून कुणीतरी मान खाली घालून उभं असल्यासारखं वाटत होतं. त्याच्या पायाशी स्टुलावर मावशी बसल्या होत्या. शेजारी एक तरुण बाई होती. कानवाल्याला पाहून ती चटकन उठली आणि चादरीआड गेली.

"मावशी, हे काय आहे?"

मावशींनी तोंडावर बोट ठेवलं. त्याला दंडाला धरून जिन्यात नेलं, दार लावून घेतलं, तेव्हा कुठे बोलल्या. "तुमचं यंत्र उतरवा इथून. नाहीतर कोट राहील."

"अहो, सरकारी वस्तू आहे. शेजारच्या बिल्डरने सांगितलं का तुम्हाला?"

"कुठला बिल्डर? आमचं बोलणं ऐकतंय ते."

तोंडपाठ उत्तर त्याच्या जिभेवर आलं. मावशींनी ते पुरं होऊच दिलं नाही. "मला नका शिकवू. मी जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडले. ऐकायचं नाही असा आम्हालाही नियम होता. तरी ऐकायचोच आम्ही."

तेवढ्यात मागून ती तरुण बाई आली. मावशींची मुलगी. नवऱ्याशी पटत नव्हतं. तो कामावर गेला की दुपारी आईकडे यायची, चादरी वाळत घालता घालता दोघी मन मोकळं करायच्या. एकदा ती म्हणाली की बेकरीत काउंटरवर माणूस हवा आहे, विचारून बघते. त्याच संध्याकाळी नवऱ्याने ताटावरून मान वर न करता विचारलं, "मग बेकरीत कधीपासून उभी राहणार?"

"मला वाटलं, आईनेच सांगितलं," ती म्हणाली. "दुसरं कोण सांगणार? महिनाभर मी आईशी बोलले नाही."

"आणि मला वाटलं, हीच तिकडे कुठेतरी बोलली आणि खापर माझ्यावर फोडतेय," मावशी म्हणाल्या.

मग नवऱ्यानेच एक दिवस हसत हसत सांगून टाकलं, की तुझ्या आईच्या गच्चीवर माझा कान आहे, जपून बोलत जा.

"करतात काय तुमचे मिस्टर?" कानवाल्याने विचारलं. "तुमच्याच ऑफिसात, पडद्यावर आकडे बघतात." नवरा म्हणजे गोडबोल्या. मायक्रोफोनसाठी ही गच्ची त्यानेच सुचवली होती. जागा उंच आहे, म्हातारी बाई सज्जन आहे, कटकट करणार नाही, असं त्याने बैठकीत सांगितलं होतं. आपली सासू आहे हे मात्र तोंडातून काढलं नव्हतं.

तरीही कानवाल्याचा विश्वास बसेना. घरच्या भांडणात माणसं काय वाटेल ते बोलतात. बायकोला घाबरवायला नवऱ्याने थाप मारली असेल. बेकरीवाल्याकडूनही त्याला कळलं असेल. शिवाय या दोघी तरी खरं बोलतायत कशावरून? संशयाचा किडा एकदा वळवळला की तो बाजू बघत नाही.

त्याने जरा वेळ विचार केला. मग वर जाऊन कोट काढला, घडी करून मावशींच्या हातात दिला, मुलीला जिन्यातच थांबायला सांगितलं आणि खांबाजवळ उभं राहून, नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणाला, "मावशी, पुढच्या आठवड्यात मी नाही. गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतोय. अजून कुणाला बोललो नाहीये."

मावशी मुरलेल्या ऑपरेटर. एका क्षणात समजल्या. "बरं केलंत," त्या म्हणाल्या. "जिने चढताना फार कण्हत होतात."

गुडघे त्याचे लोखंडासारखे होते. ही थाप त्याने बायकोलाही सांगितली नाही. रात्रभर मात्र त्याला वाटत राहिलं, की उद्या काहीच घडू नये, आपणच खजील व्हावं आणि जाऊन मावशींची समजूत काढावी.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तो पेटीच्या किल्ल्या ठेवायला वाकला, तर पाठीवर हात पडला. "जपून, जपून," गोडबोल्या म्हणाला. "गुडघ्याकडे दुर्लक्ष करू नका. ऑपरेशन म्हटलं की माणूस घाबरतो, पण उशीर वाईट."

कानवाला किल्ल्या हुकावर लावत राहिला. एक पडली, ती उचलली. "हो, बघतो," एवढंच म्हणाला.

तसाच तो मॅडमकडे गेला. मॅडमने सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "पेट्यांच्या किल्ल्या कुणाकडे असतात?"

"माझ्याकडे."

"यंत्र उघडून काय चालू, काय बंद, हे कोण करू शकतं?"

"मी."

"मग मी आधी कुणावर संशय घ्यावा?"

इतकी वर्षं दुसऱ्यांकडे बघायची जी नजर होती, ती आज त्याच्यावर रोखलेली होती आणि तिच्यात चूक काढायला जागा नव्हती. तो म्हणाला, "माझ्यावरच घ्या. पण दुपारी माझ्याबरोबर पडद्यांच्या खोलीत चला. न सांगता."

मॅडम आल्या. खोलीत पंखा फिरत होता. गोडबोल्या पाठमोरा बसला होता, हेडफोन कानाला, मान किंचित वाकडी. पावलं त्याला ऐकू आली नाहीत. मॅडमने हात लांब करून हेडफोनची वायर उपसली.

खोलीभर मावशींचा आवाज घुमला. "हो बाजूला. आत्ता धुतलीय चादर. दुसरी जागा नाही का तुला?" मग पंखांची फडफड. कबुतराशी बोलत होत्या.

गोडबोल्या उठला. घाबरला नाही, उलट हसला. "मॅडम, याच ठिकाणचे आकडे बिघडलेत ना दुपारचे. काय अडथळा आहे ते तपासत होतो. परवानगी घ्यायला तुमच्याकडेच येणार होतो."

उत्तर इतकं गुळगुळीत होतं, की मॅडमचा चेहरा सैल पडला. कानवाल्याला दिसलं, हा आता सुटणार. त्याने विचारलं, "माझ्या कुठल्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे?"

"उजव्या," गोडबोल्या म्हणून गेला.

"मी उजवा-डावा काही बोललो नव्हतो. पण ऑपरेशन तरी कुठून कळलं? मी ते फक्त त्या गच्चीवर बोललो, तेही काल. आकडे तर आज तपासत होतास ना?"

गोडबोल्याने मॅडमकडे पाहिलं. त्या पडद्याकडे बघत होत्या. "खुर्ची सोड," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

चौकशी लांबली. गोडबोल्याला आधी सामानाच्या खोलीत बसवलं. पुढे तो नोकरी सोडून दुसऱ्या गावी गेला. जाताना म्हणे लोकांना सांगत होता, की कानवाल्यानेच यंत्र चालू करून मला अडकवलं. काहींना ते पटलंही. थेट ऐकायची सोय मॅडमने सगळीकडची काढायला लावली. कानवाला एकेक पेटी उघडून ते काम करत फिरला. आणि लोकांनी नेहमीसारखं विचारलं की पहिल्यांदाच म्हणू लागला, "आधी ऐकू शकत होतं. आता नाही. या, पेटी बघून घ्या."

घरीही तो बदलला. चहाचा डबा उघडून बघणं बंद झालं. बायकोला आधी बरं वाटलं, मग काळजी. "बरं नाही का तुम्हाला?" ती विचारायची. तो म्हणायचा, "आपण एकमेकांवर किती नजर ठेवतो गं." त्या दिवसापासून ती त्याचे खिसे तपासल्याशिवायच कपडे धुवायला टाकू लागली. दोनदा रुमालाबरोबर पेटीतल्या दाण्यांच्या पुड्याही भिजल्या.

मावशींच्या गच्चीवरचा खांब त्याने स्वतः उतरवला. मुलगी आईकडेच राहायला आली होती आणि बेकरीत लागली होती. तो मुद्दाम तिकडे गेला आणि काउंटरशी उभा राहून म्हणाला, "काढलं सगळं."

"वायरसुद्धा?"

"वायरसुद्धा. भिंतीतली भोकं बुजवली."

तिने पाव कागदात गुंडाळला, दोरा बांधला. सुट्टी झाल्यावर त्याच्याबरोबर गच्चीवर आली. खांबाच्या जागेवर हात फिरवला, कठड्याच्या मागे वाकून बघितलं, पाण्याच्या टाकीखाली बघितलं. बुजवलेली भोकं नखाने खरवडून पाहिली. त्यानेही हेच केलं असतं.

"बाकीचे कान कुठे कुठे आहेत?" तिने विचारलं.

जागा बाहेर सांगायच्या नाहीत, असा खात्याचा नियम होता. लोक छेडछाड करतात म्हणून. कानवाला कठड्याला टेकला. ओळीने सांगू लागला: शाळेचं आवार, टाकी, दवाखान्याची गच्ची, गॅरेजमागची भिंत. ती बोटाने त्या त्या दिशेला दाखवत होती आणि चुकली की तो तिचा हात धरून नीट करत होता. मध्येच एक विमान डोक्यावरून गेलं, तेव्हा दोघं थांबली. ते लांब जाईपर्यंत वाट पाहिली आणि मग त्याने पुढची जागा सांगितली.