हिवाळ्यातलं गढूळ पाणी

आमच्या ताईला विचारा, "कशी आहेस?" ती सांगेल, "सध्या तळाचं पाणी वर यायला लागलंय." माणसांची विचारपूस तिला कधी जमलीच नाही. शहराला पाणी पुरवणाऱ्या तलावाचं पाणी ती तपासते आणि मी तिची होडी वल्हवतो. सख्खा भाऊ असलो तरी होडीत मला तोंड उघडायची परवानगी नाही, पाण्यातले जीव बुजतात म्हणे. बोलण्यानं कुठं शेवाळ बुजतं का? पण तिच्याशी वाद घालणार कोण!

काम दिसायला सोपं. गाठी मारलेल्या दोरीला एक पांढरी-काळी तबकडी असते. ती पाण्यात सोडत जायची आणि दिसेनाशी झाली की ताई म्हणणार, "गेली." जितकी खोल जाऊन दिसेनाशी होईल, तितकं पाणी नितळ. बघायचं मात्र एकट्या तिनंच. दोघांच्या नजरा मिसळल्या की माप बिघडतं. म्हणून मी आपला काठाकडे तोंड करून बसतो.

त्या बसण्यातच माझी वर्षं गेली, आणि खरं सांगतो, बरी गेली. उन्हाळ्यात तलाव हिरवागार. वरचं पाणी कोमट, हात जरा खोल घातला की गार, आणि दुपारभर सगळं पेंगत असतं, मीसुद्धा. थंडी पडू लागली की वरचं पाणी निवून जड होतं, खाली बसतं आणि तळाचं वर येतं. त्याला कुजक्या पानांचा वास असतो. मासे तोंडं वर काढून हवा पितात, तेवढाच काय तो आवाज. मग हळूहळू सगळं निवळतं. खसखशीएवढे जीव उरलंसुरलं शेवाळ खाऊन टाकतात. ऐन हिवाळ्यात तर होडी पाण्यावर आहे की हवेत, तेच कळत नाही.

यंदा त्याच दिवसांत ताईनं दोरी जेमतेम सोडली आणि म्हणाली, "गेली." पुढच्या फेरीलाही तेच.

"शेवाळ धरलंय रे. थंडीत असं कधी झालं नव्हतं. मोरचूद टाकायला सांगावं लागेल."

मोरचुदानं शेवाळ मरतं, पण ते बारीक जीवही मरतात आणि माशांची पिल्लं पोट वर करून तरंगतात. ताईला ते बघवत नाही. तरी म्हणाली, "लोक हेच पाणी पितात. त्यापुढे माझ्या दयामायेचं काय!"

मला राहवेना. नियम गेला खड्ड्यात म्हटलं आणि वाकून पाहिलं. खाली तबकडी लख्ख दिसत होती, भोवती बोटभर मासे फिरत होते. लहान तोंडी मोठा घास, पण गप्प बसून चालणार नव्हतं.

"ताई, मला दिसतेय ती."

"चेष्टा पुरे."

"चेष्टा नाही. सोड अजून दोरी."

तिनं सोडली. गाठीमागून गाठ खाली गेली आणि मी "दिसतेय, दिसतेय" म्हणत राहिलो. शेवटी मी "गेली" म्हणालो तेव्हा तिच्या हातात दोरी थोडीच उरली होती. तिनं उरलेल्या गाठी बोटांनी मोजल्या.

"म्हणजे पाणी चांगलं आहे," ती म्हणाली.

"हो."

"मग चांगलंच झालं की." आणि तिनं ओल्या हातानंच डोळे पुसले.

कचेरीत तिनं स्वतःच सांगून टाकलं, "तलाव ठणठणीत आहे, गढूळ झालेत ते माझे डोळे." डॉक्टर म्हणाले, दोन्हीकडे मोतीबिंदू पिकलाय. नजर परत आली नाही तर होडीत दुसरं कुणीतरी बसणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मला तर जेवण गोड लागेना.

ऑपरेशननंतर तिच्या डोळ्यावरची पट्टी काढली तेव्हा मी समोरच उभा होतो. डॉक्टरांनी विचारलं, "काय दिसतंय?" मला वाटलं, आता ही खिडकीबाहेरच्या टाकीतलं शेवाळ दाखवणार. ती माझ्याकडेच बघत राहिली. मग हात पुढे करून तिनं माझे गाल चाचपले.

"एवढा म्हातारा कधी झालास रे तू?" ती म्हणाली.

मला डॉक्टरांसमोरच रडू आलं.