बाबांचं गोटे कापायचं मशीन

तळलेली कुरडई दाताखाली कचकन लागली, तेव्हा मी आईला विचारलं, चीक नीट गाळला नव्हता का? आईनं कढईवरची नजर काढली नाही. "गच्चीवर जाऊन पाह्य," एवढंच म्हणाली.

मी अकोल्याला एका दवाखान्यात एक्स-रे काढते. या कामाला आता वीस वर्षं होतील. माहेर अमरावतीला, त्यामुळे महिन्यातला एखादा रविवार बसनं जाऊन यायचं. बाबा भातकुलीच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, वय एकाहत्तर. त्यांना गोट्यांचा नाद. कुठं विहीर खोदली, कुठं रस्त्यासाठी टेकडी फोडली की बाबा पिशवी घेऊन हजर. त्यांचं मूळ गाव हिवरखेड. तिथल्या वावरातल्या विहिरीचे गोटेसुद्धा त्यांनी आणून ठेवले होते. वरून ओबडधोबड दिसणाऱ्या गोट्यात कधी गारगोटी निघते, कधी अकीकाचे पट्टे. हे ते जन्मभर मुलांना शिकवत आले, पण बहुतेक गोटे त्यांनी स्वतः कधी फोडले नव्हते. हातोडी मारली की आतल्या गारगोटीचा चुरा होतो, गोटा कापायलाच पाहिजे, असं म्हणायचे.

गच्चीवर गेले तर बाबा कापत होते.

आईच्या जुन्या घरघंटीची मोटर त्यांनी काढून घेतली होती. कूलरच्या लोखंडी स्टँडवर ती मोटर, शेजारी दोन बेअरिंगांवर बसवलेला दांडा, दोघांमध्ये पट्टा. दांड्याच्या एका टोकाला टाइल कापायचं सात इंची पातं होतं आणि दुसऱ्या टोकाला घासायचं हिरवं चाक. सगळं त्यांनी स्वतः जुळवलं होतं, वेल्डिंग तेवढं बाहेरून. एरवी मी कौतुकच केलं असतं. पण पातं कोरडं फिरत होतं. गोट्यातून पांढरी धूळ उसळून त्यांच्या चष्म्यावर, भुवयांवर, कठड्यावर आणि कोपऱ्यातल्या वाळवणावर बसत होती. तोंडावर फक्त दुपट्टा.

मी खाली जाऊन मेन स्विच बंद केला.

बाबा वैतागले. मी विचारलं, पाणी का नाही सोडत? ते म्हणाले की विजेजवळ पाणी नेऊन मरायचं आहे का. चार महिन्यांपासून हे रोज सकाळी, रविवारी मी पोचायच्या आत, चालू होतं. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे खडीच्या क्रशरवर काम केलेली माणसं येतात, त्यांची छाती मी रोज पाहते. ही धूळ डोळ्यांना दिसते त्याहून बारीक असते, आत गेली की बाहेर येत नाही. ते म्हणाले, ती माणसं जन्म काढतात तिथं, आपलं काय, सकाळचे दोन तास. बोलता बोलता त्यांना खोकला आला आणि तो लवकर थांबला नाही.

जेवताना मी म्हटलं, अकोल्याला चला, एक एक्स-रे काढू. ते नाही म्हणाले. पुन्हा म्हटलं, तर म्हणाले की धडधाकट माणसाचे फोटो काढायचा तुला धंदाच लागला आहे. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ते ताटावरून उठले. बाबा ताटावरून उठलेले मी कधी पाहिले नव्हते. हात धुऊन आले, तेव्हा आई त्यांच्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "जा तुमी. पाहू द्या तिले."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला त्या पाहण्याचा अर्थ लागला नाही. मला वाटलं, आईही घाबरली आहे.

मंगळवारी सकाळच्या बसनं ते आले. शर्ट काढून, हनुवटी स्टँडवर टेकवून, दोन्ही खांदे पुढं घेऊन उभे राहिले. पाठीची हाडं दिसत होती. मी काचेमागे गेले आणि दिवसातून साठ वेळा म्हणते तेच म्हणाले, श्वास घ्या, रोखून धरा. माझा आवाज मलाच परका वाटला.

फोटो स्क्रीनवर यायला काही सेकंद लागतात. आला. उजव्या फुप्फुसात, वरच्या भागात, ओढल्यासारख्या रेघा आणि त्यात पांढरे ठिपके.

आमच्या कामात एक नियम असतो. फोटो काढणाऱ्यानं पेशंटला काही सांगायचं नाही, ते डॉक्टरांचं काम. वीस वर्षांत मी तो मोडला नव्हता. पेशंट चेहऱ्याकडे टक लावून बघतात, म्हणून चेहराही सांभाळायला शिकले होते. फोटो वाचणारे डॉक्टर चारनंतर येणार होते आणि घड्याळात अकरा वाजायचे होते. मी बाहेर येऊन म्हटलं, झालं बाबा, शर्ट घाला. त्यांनी बटणं लावली, एक चुकलं, परत काढून लावलं. त्या सगळ्या वेळात ते माझ्याकडे बघत होते.

तीन तास मी इतरांचे फोटो काढले. एका बाईच्या मनगटाऐवजी कोपर काढला. मध्येच पुन्हा जाऊन बाबांचा फोटो उघडून पाहिला. चार महिन्यांच्या धुळीनं असं होत नाही, हे मला कळत होतं. मग हे काय आहे? जे जे असू शकतं, ते ते मी इतरांच्या फोटोंत पाहिलेलं होतं. बाकावर बाबा पेपर उघडून बसले होते. तेवढ्या वेळात त्यांनी पान उलटलं नव्हतं.

दुपारी दोनला मी त्यांना आमच्या चहाच्या खोलीत नेलं आणि डबा उघडून दिला. पोळीचा तुकडा मोडून ते तो तसाच बोटांत फिरवत राहिले.

"उजव्या बाजूले, वरत," ते म्हणाले. "हाये ना?"

मी डब्याचं झाकण उचलून पुसायला लागले.

"मले टीबी झाल्ता," ते म्हणाले. "लग्नाच्या आधी. तुले सांगाचं राहूनच गेलं."

राहून गेलं नव्हतं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मग त्यांनी सगळं सांगितलं. शाळेत लागून वर्षही झालं नव्हतं आणि थुंकीत रक्त आलं. भातकुलीत कळलं तर नोकरी जाईल आणि हिवरखेडला कळलं तर लग्न जमणार नाही, या भीतीनं त्यांनी बिनपगारी रजा टाकली, घरी ट्रेनिंग आहे म्हणून सांगितलं आणि अकोल्याला खोली घेऊन राहिले. तीन महिने रोज इंजेक्शन, त्यानंतर सव्वा वर्ष गोळ्या. गोळ्यांची बाटली खडूच्या डबीत ठेवायचे. लग्नानंतर आठव्या दिवशी त्यांनी आईला सांगितलं. आई दोन दिवस बोलली नाही, मग म्हणाली की आता हे पुन्हा काढायचं नाही. त्यांनी ते कधीच काढलं नाही.

"मग धुळीत कशाला शिरलात?" मी विचारलं. आवाज चढला होता. "तुम्हाला माहीत होतं ना छातीत काय आहे ते?"

"इसरलो होतो वं," ते म्हणाले. "खरंच सांगतो. पन्नास वर्षं झाले. माणूस इसरते."

मला त्यांचा राग आला आणि आईचा त्याहून जास्त. रोज अनोळखी माणसांच्या छातीत डोकावणारी मी, आणि घरातल्या माणसाच्या छातीतलं मला त्रेचाळीसाव्या वर्षी कळत होतं. माझ्या लहानपणी ते स्वतःचा पेला वेगळा ठेवायचे. मी त्याला त्यांची शिस्त समजत आले होते.

चार वाजता डॉक्टर आले. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला, बाबांना प्रश्न विचारले. डाग जुने, भरून आलेले वाटतात, म्हणाले. पण खोकला आहे म्हणून थुंकी तपासून घ्यायची. ते तीन दिवस बाबा माझ्याकडेच राहिले. मी डाळीत दोनदा मीठ घातलं, त्यांनी निमूटपणे खाल्लं. शुक्रवारी रिपोर्ट आला. थुंकीत काही नव्हतं. डॉक्टरांनी मात्र समोर बसवून बजावलं की अशा फुप्फुसात दगडाची धूळ गेली तर जुना आजार पुन्हा उठू शकतो, तेव्हा कोरडं कापणं यापुढं एक दिवसही नाही.

मी बाबांबरोबर अमरावतीला गेले आणि पाना घेऊन थेट गच्चीवर चढले. पातं खोललं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि पर्समध्ये घालून अकोल्याला आणलं. बाबा जिन्यात उभे राहून बघत होते. अडवलं नाही.

त्यानंतर दोन आठवडे ते फोनवर आले नाहीत. आईच बोलायची. खोकला कमी आहे, जेवण कमी आहे, गोटे धुऊन धुऊन परत मांडून ठेवतात. मी म्हटलं, बसू दे रुसून, जीव तरी राहील.

"तू फोटो काढतं तवा काचेच्या मांगं जातं ना?" आई म्हणाली. "काम त नाई सोडत. मंग त्याइलेबी तशी सोय करून दे."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं. त्यांना ते फारसं पसंत नव्हतं, पण पाण्याखाली, उघड्यावर, नीट मास्क लावून आणि धूळ न झाडता ओल्या फडक्यानं पुसून चालेल का, यावर ते शेवटी बरं म्हणाले. सहा महिन्यांनी फोटो काढायचाच, या अटीवर.

पुढचे तीन रविवार आम्ही दोघं त्या स्टँडपुढं बसलो. बोलणं कामापुरतंच. कूलरमधला छोटा पंप टबात ठेवला, नळी पात्याच्या दोन्ही बाजूंनी आणली. पाणी उडू नये म्हणून गाडीचा जुना मडगार्ड पात्यावर बसवला. मोटर उंच फळीवर नेली. विजेची भीती त्यांच्याइतकी मलाही होती, म्हणून इलेक्ट्रिशियनकडून वेगळं अर्थिंग करून घेतलं आणि करंट गळाला तर वीज आपोआप तोडणारं बटण लावलं. पातं मी शेवटी दिलं. बाबांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

पहिल्यांदा चालू केलं आणि दोन सेकंदांत ते बटण पडलं. परत चढवलं, परत पडलं. बाबा मागं सरकून भिंतीला टेकले. तिथंच थांबलेल्या इलेक्ट्रिशियननं मोटरची पेटी उघडली. पट्ट्यावरून चढलेलं पाणी आत वायरींवर होतं. हे बटण नसतं आणि बाबा ओल्या हातानं गोटा धरून उभे असते तर, हा विचार मला तिथंच आला. सगळं परत थांबवायचं असं माझ्या ओठांवर होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू नाई म्हनशील त बंद. आज मी ठरवनार नाई."

मी पेटी वाळवायला सांगितली. पट्ट्याभोवती प्लास्टिकच्या कॅनचा आडोसा केला, मोटरीवर रबराचं झाकण. तिसऱ्यांदा बटण राहिलं.

हिवरखेडच्या विहिरीतला एक मुठीएवढा गोटा त्यांनी लाकडी पकडीत आवळला. बटणावर माझा हात होता आणि नजर त्यांच्या बोटांवर. पाणी दुधासारखं होऊन टबात पडत होतं, हवेत काही उडत नव्हतं. अर्ध्यावर गोटा अडकला, पट्टा किंचाळला, मी बंद केलं. त्यांनी गोटा सोडवला, फिरवून दुसऱ्या बाजूनं लावला. पाऊण तास गेला. दोन तुकडे पाण्यात पडले.

आत काहीच नव्हतं. करडा, भरीव, साधा काळपाषाण. मला इतकं वाईट वाटलं की त्यांच्याकडे बघवेना. बाबा मात्र कापलेल्या सपाट पृष्ठभागावरून अंगठा फिरवत होते. "आतून बंद निघाला," म्हणाले, आणि दुसरा गोटा शोधायला लागले.

सहा महिन्यांनी फोटो काढला. डाग तेवढेच होते. फॉर्मवर जुन्या आजाराच्या रकान्यात या वेळी त्यांनी स्वतःच्या हातानं टीबी लिहिलं. वळणदार अक्षरात, शाळेत फळ्यावर लिहायचे तसं. आता ते दर रविवारी कापतात. दोन गोट्यांत अकीक निघालं, एकात गारगोटीचे इवले स्फटिक.

फोनवर बोलताना ते कधी खोकतात, तेव्हा मी बोलायची थांबते. तेही थांबतात. मग सांगतात, ठसका लागला फक्त. मी बरं म्हणते.