आमच्यात बसवतात

आमच्यात माणूस मेलं की त्याला आडवं करत नाहीत, बसवतात. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. भिंतीला पाठ लावून, मांडी घालून बसवायचं, कपाळाला नि अंगाला विभूती लावायची, गळ्यातलं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवायचं आणि तसंच बसलेलं जमिनीत ठेवायचं. जाळायचं नाही. आम्ही लिंगायत. मराठवाड्याच्या पार टोकाला आमचं गाव. तिथं हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. भोपाळात आल्यावर सांगावं लागलं, आणि सांगूनही पटेना.

मी चौथी शिकलेला माणूस. धर्म कशाला म्हणावं हे मला कुणी विचारू नये. पण हल्ली मोर्चे निघतात, टीव्हीवर माणसं एकमेकांच्या अंगावर जातात. लिंगायत हा वेगळा धर्म की हिंदूंचाच एक पंथ? मुलगा विचारतो, बाबा, तुम्हाला काय वाटतं? मला काही वाटत नाही. मला फक्त माझ्या सासऱ्याची मयत आठवते.

सासरा निजामाच्या राज्यात जन्मला. निजाम गेला तेव्हा तो हैदराबाद राज्यात होता. मग मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्रात. गाव सोडून तो कुठंच गेला नाही, राज्यंच त्याच्या अंगावरून गेली. त्याची बहीण दिलेलं गाव ओढ्यापलीकडं, ते म्हैसूर राज्यात पडलं. म्हातारा म्हणायचा, "बहीण परदेशी झाली. दिवाळीला लुगडं न्यायचं तर आता परवाना काढावा लागंल का?"

भोपाळचंही तसंच. कालपरवापर्यंत नवाबाचं गाव, आता नव्या प्रांताची राजधानी. टी. टी. नगरात सरकारी घरांच्या रांगा उठत होत्या आणि गावाबाहेर माळावर मोठा सरकारी कारखाना. मी तिथं लागलो. काम म्हणजे क्रेनचा हूक खाली आला की वजनाला साखळ्या बांधायच्या, तोल बघायचा आणि हात वर करायचा. क्वार्टर मिळालं, बायकोला आणलं. भिंतीला भिंत लावून शेजारी पुण्याचे होते, हजेरी ऑफिसातले बाबू. सगळे त्यांना बाबूजी म्हणत. त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो.

वहिनींना पहिला धक्का बसला तो विटाळावरून. आमच्यात बाईचा विटाळ मानत नाहीत. गळ्यात लिंग असतं, ते काय चार दिवस खुंटीला टांगायचं? वहिनी आपल्या मागच्या ओसरीत बाजूला बसलेल्या, आणि त्याच दिवसांत आमची हिची पूजा, स्वयंपाक, सगळं चालू.

"अगं, तूही बसलीच असशील ना आत्ता? परवा म्हणालीस."

"बसायला वेळ कुठाय वहिनी."

"आणि देवाला शिवलीस?"

"देव गळ्यातच आहे. त्याला काय आज कळलं?"

वहिनींनी कानावर हात ठेवले. मग म्हणाल्या, "तुमच्यात सोवळं नाही, सुतक नाही, मेल्यावर जाळणं नाही. मग आहे तरी काय तुमच्यात?"

"भूक आहे," ही म्हणाली. "बसा, भाकरी खाऊन जा."

वहिनी खाऊन गेल्या. विटाळातच. हे त्यांनी बाबूजींना कधी सांगितलं नाही.

सासू वारली तेव्हा हिनं बापाला भोपाळला आणलं. लेकीच्या घरी, जावयाच्या अन्नावर राहायचं म्हणून म्हातारा ओशाळलेला. येताना जोंधळ्याचं पोतं घेऊन आला. "माझी भाकर माझ्याजवळ आहे," स्टेशनावरच सांगितलं. त्याला सगळे अप्पा म्हणू लागले. पांढरा रुमाल बांधून, खांद्यावर शाल घेऊन तो दारात उन्हाला बसायचा. ऐकू कमी यायचं, बोलायचा त्याहून कमी. वहिनी त्याच्यापुढं बसून नवऱ्याची गाऱ्हाणी सांगायच्या. अप्पा मध्येच मान हलवायचा. वहिनींना तेवढं पुरायचं.

अप्पाचं एकच मागणं होतं. हिला म्हणाला होता, "इथं लाकडावर घालतील मला. घालू देऊ नको. मला बसव." ही हो म्हणाली होती. कुठं बसवायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं.

थंडीच्या दिवसात एका सकाळी तो गेला. मी पहिल्या पाळीला कारखान्यात. घरात ही एकटी. बसवायचं तर वेळ घालवून चालत नाही, अंग ताठ झालं की मांडी घालता येत नाही. हिनं एकटीनं त्याला ओढून भिंतीला टेकवलं, मांडी घातली, धोतराच्या पट्टीनं छाती खिडकीच्या गजाला बांधली, वर शाल पांघरली. रुमाल बांधला. विभूती लावली. डोळे अर्धवट उघडे राहिले, ते काही मिटेनात. मग दार लोटून ती मला निरोप पाठवायला गेटकडे गेली.

तेवढ्यात वहिनी विरजण मागायला आल्या.

पुढचं वहिनींनीच नंतर सांगितलं. पुष्कळ वर्षांनी, हसत.

"अप्पा, आज आतच बसलात? बरं केलंत, बाहेर वारं आहे. ही कुठं गेली? जाऊ दे, मी घेते विरजण. अहो, यांना परत खोकला झालाय. मफलर बांधा म्हटलं तर ऐकतील तर शप्पथ. तुम्ही सांगा जरा." अप्पा गप्प. वहिनी समोर टेकल्या. सासूनं पाठवलेल्या पत्रापासून रेशनच्या साखरेपर्यंत सगळं सांगून झालं. मान काही हलेना. "रागावलात का अप्पा? परवा मी भाकरी करपली म्हणाले, ते मनावर घेतलंत होय?" शाल खांद्यावरून घसरली होती, ती नीट करायला त्या पुढं वाकल्या आणि गळ्याला हात लागला.

त्यांची किंकाळी पाण्याच्या टाकीपर्यंत ऐकू गेली म्हणतात. विरजणाची वाटी चुलीपाशी फुटलेली मी स्वतः पाहिली.

मी पोचलो तेव्हा दारात गर्दी. मेलेला माणूस बसलाय, ही बातमी अख्ख्या लाइनीत झालेली. माणसं मनानं चांगली. बाबूजींनी पदरचे पैसे घालून बांबू आणवलेले, मडकं आणलेलं, लाकडांना माणूस धाडलेला. आत जाऊन अप्पाला सोडवून आडवं करायचं एवढंच राहिलेलं. दारात ही उभी होती. दोन्ही हात चौकटीला.

"मिस्त्री, समजवा हिला," बाबूजी मला म्हणाले. "हे काय चाललंय? म्हातारा माणूस असा बांधून ठेवलाय. तुम्ही हिंदूच ना?"

"लिंगायत," मी म्हणलं.

"अहो, म्हणजे हिंदूच ना!"

उत्तर हिनं दिलं. "बाबूजी, तुम्ही म्हणाल ते आम्ही. हिंदू म्हणा, नका म्हणू. पण माझा बाप बसून जाईल."

"असं कसं? धर्म म्हटला की त्याला काही रीत असते, शास्त्र असतं."

"हीच रीत," ती म्हणाली.

बाबूजी वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच वाटत होतं, आम्ही अडाणी, म्हाताऱ्याची गती बिघडवतोय. मी वाद घातला नाही. वाद घालून खड्डा मिळत नाही. आणि खड्डा कुठं मिळणार हे विचारायला कॉलनीच्या साहेबाकडं गेलो.

साहेब उत्तरेकडचा. भिंतीवर कॉलनीचा नकाशा लावलेला. मी सांगितलेलं त्यानं नीट ऐकून घेतलं, मग उठून नकाशावर बोट ठेवलं. "हिंदू यहाँ, नाले के पास. मुसलमान यहाँ. ईसाई यहाँ. इनमें से आप क्या हैं?"

"साहब, हम गाड़ते हैं. लेकिन हिंदू में लिखा है."

"लिखा है तो जलाइए."

"जलाते नहीं."

तो परत खुर्चीत बसला. चिडला नाही. "भाई, चौथी जगह है ही नहीं," म्हणाला. त्याच्यापुरता विषय संपला. ज्याला नकाशात जागा, तो धर्म. हे चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. त्यालाही कुणीतरी तीनच चौकोन आखून दिले होते.

बाहेर माझा जोडीदार उभा होता. साखळीचं दुसरं टोक बांधणारा, जुन्या भोपाळचा मुसलमान. पाळी सोडून माझ्यामागं आलेला.

"को खाँ, क्या हुआ?" भोपाळात कुणालाही खाँच म्हणतात.

सांगितलं.

"दफ़नाते हो? तो हमारे हुए! चलो, अभी बात करता हूँ."

"बिठाकर."

"बिठाकर?" त्यानं टोपी मागं सरकवली. "तो खाँ, न उनके हुए न हमारे."

दोघंही हसलो. मयतीच्या दिवशी हसू नये, पण हसलो. मग तोच म्हणाला, आमच्या कब्रस्तानाच्या पलीकडं तळ्याच्या काठाला गोसाव्यांची जागा आहे. ते लोकही जाळत नाहीत, लहानपणी मी भिंतीवरून पाहिलंय.

सायकलवर डबलसीट गेलो. चिंचेखाली एक गोसावी बाबा चिलीम साफ करत बसलेला. मी हात जोडून सुरुवात केली की आम्ही अमुक गावचे, अमुक पंथाचे, हिंदू आहोत पण. त्यानं मध्येच थांबवलं.

"लेटा है कि बैठा है?"

"बैठा है, महाराज."

"तो ले आओ. नमक रखना साथ में." आणि परत चिलीम.

एवढंच. मी धर्माबद्दल जे काही ऐकलंय, त्यात हा एक प्रश्न मला कळला. त्याच्या पंथाचा नि आमचा काही संबंध नाही. त्यांचा देव वेगळा, गुरू वेगळे. त्यानं आम्हाला आपलं म्हटलं नाही, परकंही म्हटलं नाही. कसा नेताय, तेवढं विचारलं.

अप्पाला खुर्चीवर बसवून नेलं. खुर्ची बाबूजींची. "आता आणलेच आहेत तर," असं पुटपुटत त्यांनीच आपले बांबू खुर्चीच्या दोन्ही बाजूंना बांधायला दिले. आणि बांधताना गाठ चुकली म्हणून माझा ओरडा खाल्ला. मडकं तेवढं घरी ठेवलं. पुढं बरीच वर्षं वहिनींनी त्यात मीठ भरून ठेवलं होतं. खड्ड्यात मी नि माझा जोडीदार उतरलो. बाजूच्या भिंतीत कोनाडा खणलेला, त्यात म्हाताऱ्याला बसवलं. वजन उतरवायचं आमचं रोजचंच काम, धक्का लागू दिला नाही. हिनं बापाच्या तळहातावर लिंग ठेवलं, बेल वाहिला, भोवती मीठ घातलं. खरं म्हणजे डोक्यावर पाय ठेवायला आमचा गुरू, जंगम, लागतो. भोपाळात जंगम कुठून आणायचा? ही म्हणाली, "नसू दे. हात रिकामा नाही ना, बास."

वहिनी त्यानंतर पंधरा दिवस आमच्या दारात आल्या नाहीत. मग विरजण संपलं तेव्हा आल्या.

आता सगळं जुनं झालं. जोडीदार गेला, बाबूजी गेले. आम्ही रिटायर होऊन भोपाळातच इंद्रपुरीत घर बांधलं, वहिनी लेकाकडं सोनागिरीत. या उन्हाळ्यात ही गेली.

डॉक्टर म्हणाला होता, भरती करा. मुलगाही फोनवर तेच. ही म्हणाली, "नको. तिथून आडवं करून पाठवतात." शेवटच्या दुपारी मला म्हणाली, "मला बसवा."

"आत्ता कशाला? पडून राहा."

"मागनं तुम्हाला एकट्याला जमणार नाही. कंबर बघा स्वतःची."

मी तिला उशा लावून भिंतीला बसवलं. मांडी तिनंच घातली, हातानं पाय ओढून. थोडं पाणी प्याली, पंखा कमी करा म्हणाली. संध्याकाळी बसल्या बसल्याच गेली. मला काही करावंच लागलं नाही. विभूती लावली, लिंग हातात दिलं.

मुलगा सकाळी पोचला. शेजारपाजारचे जमले होते, नवी माणसं, कुजबुजत होती. मुलगा बाहेर येऊन मला म्हणाला, "बाबा, लोक विचारतायत, आपण नक्की कोण? काय सांगू?"

"सांग, बसवणारे."

गोसाव्यांच्या जागेला आता कुंपण आहे. तिथं मी आधीच निरोप धाडला होता, मीठही पाठवलं होतं. गाडी आली. खुर्ची काढली.

तेवढ्यात रिक्षातून वहिनी उतरल्या. काठी टेकत, नातसुनेचा हात धरून. आत गेल्या. मला वाटलं, नमस्कार करून बाहेर येतील. त्या हिच्यासमोर खाली बसल्या. हिचा पदर खांद्यावरून सरकला होता, तो त्यांनी वर केला. हात गळ्याला लागला, पण या वेळी मागं घेतला नाही.

"काय गं," म्हणाल्या, "मला न सांगताच?"

मग सुनेचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं, सोनागिरीत दही कसं लागत नाही ते सांगितलं. मुलगा घड्याळ बघत होता, ऊन चढत होतं. मी त्याला म्हणलं, थांब. वहिनींचं बोलून झालं, मग उचललं.