कोरफडीची डबी

हे आजवर कुणालाच सांगितलं न्हाई — नवऱ्यालाबी न्हाई. तुमालाच का सांगायलेय, देव जाणे.

जिंतूरला आमचं मेडिकल हाय. काउंटरवर मी बसते. औषधाचा डिप्लोमाबी माझाच, फ्रेम करून भिंतीवर लावलाय. मग मला कळत नव्हतं, असं कोणत्या तोंडानं म्हणू?

माझी नणंद रंजना. कॉलेजात होती तेव्हा गालभर पुटकुळ्या. सासूबाई म्हणायच्या, "अंगात उष्णता हाय." शेंगदाणे बंद, रोज सब्जाचं पाणी. मला मनात हसू यायचं. मला ठाऊक होतं ना — वयात आलं की कातडीखालच्या ग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्रं बुजतात, आत जंतू वाढतात, मग ते सुजतं, पिकतं. त्यात पोरीचा काय गुन्हा? नीट औषध, थोडे महिने, बस्स. पण मी ते घरात बोलले का? न्हाई.

पूर्णेहून पाहुणे बघायला येणार होते. रंजी म्हणाली, "वैनी, कायबी द्या, पण चेहरा साफ करा." मलाबी ती एकदाची उजवून घरातून जायला हवी होती — हो, हेच खरं. मी गजकर्णाची स्टेरॉइडवाली ट्यूब घेतली, रिकाम्या डबीत पिळली, नाव वाचता येऊ नये म्हणून. "कोरफडीचं हाय," म्हणाले.

पाहुणे आले तेव्हा चेहरा लखलखीत. पसंती आली. रंजी माझ्या गळ्यात पडून रडली.

साखरपुड्यानंतर कातडी पातळ झाली. ऊन लागलं की लालबुंद, आग आग. डबी थांबवली की दुप्पट फुटायचं, म्हणून परत डबी. सोयरीक मोडली. सगळे तिलाच बोलले — तळलेलं खाते, सारखी पुटकुळ्या पिळत बसते. अन् मी काय म्हणाले? "लय पिळते ओ ती."

शेवटी परभणीला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी विचारलं, "काय लावत होतीस?" रंजी म्हणाली, "कोरफड. वैनी करून देतात." बाईंनी माझ्याकडं बघितलं. "फक्त कोरफड?" एक शब्द बोलले असते तर इलाज नीट झाला असता. तो शब्द माझ्या जिभेवर होता.

"फक्त कोरफड," मी म्हणाले.

डबी चालूच होती, मग बाईंच्या औषधानं काय होणार होतं? रंजीनं तेबी सोडलं. आता ती लग्नाचं नाव काढत न्हाई, घरातबी स्कार्फ बांधून असते. डबी संपली की दुकानात येते, काउंटरवर ठेवते. माझ्याशिवाय तिचा कुणावर भरवसा न्हाई.

मी भरून देते.